काचेपलीकडची बारावी गाडी

आमच्या शोरूमच्या मधोमध काच उभी राहिली तेव्हा मला सर्व्हिसच्या काउंटरवर बसून तेवीस वर्षं झाली होती. काचेच्या अलीकडे आम्ही होतो. चार घरगुती गाड्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचं मशीन आणि गिऱ्हाइकांची धुडगूस घालणारी पोरं. पलीकडे लक्झरी. लक्झरी म्हणजे काय, तर तीच कंपनी, तोच मालक, तीच फरशी. फक्त फरशीवर गालिचा आणि गालिच्यावर एक गाडी, जिचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं. वॉचमनने ते तीन दिवसांत तीन प्रकारे म्हणून पाहिलं आणि जावईबापूंनी तिन्ही चुकीचे ठरवले. मग मी त्यांनाच म्हणायला सांगितलं, तर त्यांनी चौथाच प्रकार काढला.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई आणि लक्झरी बाजूचे प्रमुख. याआधी ते महागडी घड्याळं विकायचे. त्यांच्या मते माणूस घड्याळ वेळ बघायला घेत नाही आणि गाडी कुठे जायला घेत नाही. मग कशाला घेतो, हे त्यांनी आम्हाला तीन दिवसांच्या प्रशिक्षणात समजावलं होतं, पण त्यातलं मला आज अक्षर आठवत नाही. आयत्या बिळावर नागोबा हे मी ऐकून होते. नागोबाने बिळात गालिचा अंथरलेला मात्र पहिल्यांदाच पाहिला.

आता आमची कंपनी म्हणजे कोण? चाळीस वर्षं जिने लोकांना पहिली गाडी दिली ती. शिक्षक, दुकानदार, टॅक्सीवाले, नव्याने संसार मांडलेली जोडपी. आमच्या गाडीत बसल्यावर कुणी रुबाबदार दिसत नसे, पण वेळेवर पोचत असे. तर वर कुठेतरी बसलेल्या कुणा शहाण्याच्या मनात आलं की श्रीमंतांनीही आपल्याच गाडीत बसावं. म्हणून आमचीच मोठी गाडी घेतली, तिला कातडं चढवलं, दारं जड केली, नाव बदललं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

प्रशिक्षणात आम्हाला काही शब्द बंद झाले. ‘गिऱ्हाईक’ बंद, ‘पाहुणे’ म्हणायचं. ‘गाडी’ बंद, ‘अनुभव’ म्हणायचं. वॉचमनने हात वर करून विचारलं, “सर, पाऊस आला तर अनुभव आत घ्यायचा की झाकायचा?” त्याला पुढचे दोन दिवस गेटवरच ठेवलं.

फोनसाठी एक कार्ड दिलं. ‘नमस्कार, आपल्या प्रवासाचे आम्ही सोबती. मी आपली काय सेवा करू शकते?’ मी ते वाचून हसले. जावईबापू हसले नाहीत.

“मॅडम, काही अडचण?”

“अडचण नाही. पण मला फोन करणारे लोक ‘ताई, गाडी झाली का’ एवढंच विचारतात. त्यांना मी सोबती आहे हे कशाला सांगू? त्यांना माहीत आहे.”

“तुमच्या बाजूला चालत असेल,” ते म्हणाले. “या बाजूला ताई-माई-अक्का नको. या बाजूला ताई कुणी नसतं, मॅडम.”

पुढचे आठ महिने मी हे वाक्य त्यांच्या आवाजात सगळ्यांना म्हणून दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत हमखास फर्माईश व्हायची. मी ओठ आवळून, मान तिरकी करून म्हणायची, आणि वॉचमन हसून हसून डबा सांडायचा.

शोरूमच्या मागे वर्कशॉप. तिथे तीन लिफ्ट, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि उस्ताद. उस्ताद म्हणजे हेड मेकॅनिक, आणि माझा नवरा. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात म्हणून लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मीही तेच म्हणते. बोलायला कंजूष. घरात दिवसाला दहा वाक्यं झाली तर मी समजते की आज स्वारी खुशीत आहे. पण गाडीच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा तसा दुसरा माणूस या धंद्यात मी पाहिला नाही, आणि हे मी बायको म्हणून बोलत नाही. बायको म्हणून बोलायचं तर ओला टॉवेल पलंगावर टाकतात.

उस्तादांची एक पद्धत होती. कुठलीही गाडी वर्कशॉपमध्ये आली की तिच्यात बसण्याआधी ते खाली वाकायचे आणि सीटच्या रुळावर पिवळ्या खडूने एक रेघ मारायचे. गाडीचा मालक किती पुढे किंवा मागे बसतो त्याची ती खूण. मग मेकॅनिकने सीट हवी तेवढी सरकवावी, पण गाडी परत जाताना सीट रेघेवर आलीच पाहिजे. आरसे तसेच, पाठीचा कल तसाच. ते म्हणायचे, “गाडी नीट केली आणि माणसाची बसायची जागा हलवली, तर नीट काय केलं?” नवीन मेकॅनिकांना पहिल्या दिवशी पान्याआधी खडू मिळायचा. गिऱ्हाइकांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. त्यांना एवढंच वाटायचं की आमच्याकडून गाडी नेली की ती आपलीच वाटते.

फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. डॉक्टर म्हणजे आमच्या जुन्या गिऱ्हाईक, हाडांच्या डॉक्टर. साठीच्या पुढच्या, फटकळ, आणि स्वतःचाच उजवा खुबा बदललेला. “लोहाराच्या घरी कोयता बोथट,” असं स्वतःच म्हणायच्या. आमच्याकडची त्यांची तिसरी गाडी. सीट बोटभर जरी पुढे झाली तरी दोन दिवस त्यांचा खुबा ठणकायचा. त्यांच्या जॉबकार्डावर उस्तादांनी ठळक लिहून ठेवलं होतं, ‘उजवा खुबा. सीट हलली तर खूण बघून परत.’ एकदा त्यांनी खाली वाकून ती पिवळी रेघ पाहिली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपचं नाव काढलं नाही.

तर ती काच उभी राहिली त्याच महिन्यात कंपनीचं पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत लक्झरीच्या बारा गाड्या विकल्या गेल्या, तर लक्झरीचा दर्जा कायम. मग दुसरा टप्पा. वर्कशॉप पाडून तिथे पाहुण्यांसाठी लाउंज, आणि वर्कशॉप शहराबाहेर कंपनीच्या यार्डात. तिथे अपघातात चेपलेल्या गाड्या येतात. जायला दोन बस, दीड तास. लक्झरीच्या गाड्या बघायला वेगळी पोरं येणार, आठ दिवसांचं शिक्षण घेतलेली. आणि बारा नाही झाल्या, तर काच काढायची, गालिचा गुंडाळायचा आणि सगळं पूर्ववत.

उस्तादांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एकतीस वर्षं त्या खड्ड्याशी काढलेला माणूस. मी पत्र वाचलं आणि त्या दिवसापासून देव पाण्यात घालून बसले. बारा होऊ नयेत.

जावईबापूंनी भिंतीवर एक पांढरा फळा लावला. त्यावर बारा रिकामी वर्तुळं. गाडी विकली की एका वर्तुळावर सोनेरी टिकली चिकटवायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. काच असल्यामुळे आम्हाला टाळ्या ऐकू येत नसत, नुसते हात दिसत.

पहिल्या चार टिकल्या घरच्याच. मालकांचे व्याही, मालकांचे साडू, खुद्द जावईबापूंचे वडील, आणि चौथी मालकांनी स्वतः घेतली. पाचवी एका ठेकेदाराने घेतली, कारण त्याच्या शेजाऱ्याने परदेशी गाडी घेतली होती आणि याला तिच्यापेक्षा लांब हवी होती. तो टेप घेऊन आला होता. सहावीवाल्या बाईंनी गाडीचा रंग पर्सशी जुळतो का ते पाहिलं आणि बोनेट कुठल्या बाजूला असतं हे शेवटपर्यंत विचारलं नाही. आठवा एक निवृत्त अधिकारी. त्याने तासभर गाडीचं दार उघडलं आणि बंद केलं. दाराचा तो जाड, बसका आवाज हा जावईबापूंचा हुकमी एक्का होता. “ऐका,” म्हणायचे आणि डोळे मिटायचे. त्या दारात जाड रबर आणि डांबरी कागद भरलाय हे उस्ताद एका टिचकीत सांगायचे, पण त्यांना विचारतो कोण.

दर टिकलीला मी आणखी जोरात टिंगल करायची. “लक्झरी गाडी धुवायला मात्र आमच्याच मागच्या दारी येते,” मी म्हणायची. खरंच यायची. पुढून गालिच्यावर, मागून आमच्या पाइपाखाली. बडा घर, पोकळ वासा.

वर्षअखेरीला दोन दिवस उरले तेव्हा अकरा टिकल्या होत्या. जावईबापूंचं वजन उतरलं होतं. काचेपलीकडे ते एकटेच फिरत होते आणि लिंबाची चकती घातलेलं पाणी स्वतःच पीत होते. मी घरी जाताना उस्तादांना म्हणाले, “झालं. वाजले बारा त्यांचे.”

“अजून दोन दिवस आहेत,” उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टर आल्या. माझ्याकडे न येता काठी टेकत सरळ काचेपलीकडे गेल्या. मला वाटलं, दार चुकल्या. पण त्या आत जाऊन त्या गाडीत बसल्या, उतरल्या, परत बसल्या. जावईबापू त्यांच्यासमोर कमरेत वाकून काही विचारत होते. डॉक्टरांनी उत्तर दिलं तसा जावईबापूंचा चेहरा पडला. पाच मिनिटांत डॉक्टर माझ्या काउंटरवर.

“ताई, तो मुलगा मला विचारतोय, तुमची जीवनशैली काय. मी म्हटलं, संधिवात.”

मी मोठ्याने हसले.

“हसू नका, खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “सीट उंच आहे. बसताना-उठताना खुबा दुखत नाही, हे मी तपासलं. माझा मुलगा म्हणतो, आई, घ्यायची तर परदेशी घे, या कंपनीची काय लक्झरी. मी दोन परदेशी बघून आले. तिथेही असलाच एकेक वाकलेला मुलगा. तुम्ही इथे इतकी वर्षं आहात. ही गाडी कशी आहे?”

मी काय करायला हवं होतं ते आज मला स्पष्ट दिसतं. ‘मला त्या बाजूचं काही कळत नाही, डॉक्टर,’ एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्या परत मुलाच्या नादी लागल्या असत्या, परदेशी गाडी घेतली असती, दोन दिवस गेले असते. पण आठ महिने तोंडात साठलेलं होतं. माझी जीभ म्हणजे बिनब्रेकची गाडी.

“या माझ्याबरोबर,” मी म्हटलं आणि त्यांना मागे वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.

तिथे लक्झरीची डेमो गाडी धुऊन उभी होती आणि शेजारी एका कापडवाल्याची आमची साधी मोठी गाडी सर्व्हिसला आली होती. मी दोन्हींची बोनेटं उघडायला लावली. इंजिनावरची प्लास्टिकची झाकणं काढायला लावली. लक्झरीच्या झाकणावर रुपेरी अक्षरं, साध्या गाडीच्या झाकणावर धूळ. खाली तेच इंजिन. त्याच्या लोखंडात ओतलेले अंकसुद्धा तेच. मग मी किल्ली मागवली, तिच्यावरचं कातडी कव्हर सोलून काढलं, आणि आत आमचंच जुनं चिन्ह दाखवलं. काच वरखाली करायचं बटण तर टॅक्सीला असतं तेच, फक्त भोवती लाकडी पट्टी, आणि तीही लाकडाची नाही.

“बघा ही लक्झरी,” मी म्हटलं. मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू. मेकॅनिक गोळा झाले होते. “मोराची पिसं लावलेला कावळा आहे, डॉक्टर. आतून अथपासून इतिपर्यंत आपलीच गाडी.”

“आपलीच?”

“आपलीच! उस्ताद डोळे मिटून खोलतील आणि डोळे मिटून जोडतील.”

डॉक्टरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. “अहो ताई, मग हे त्या मुलाने मला आधी का नाही सांगितलं? मला भीती होती ती हीच. नवी गाडी, कुणाला तिच्यातलं काही कळत नाही, रस्त्यात बंद पडली तर मी या पायाने काय करणार? उंच सीट आणि उस्तादांच्या हातची गाडी. मला दुसरं काय हवंय? घेतली.”

मेकॅनिकांपैकी कुणीतरी पाना खाली ठेवला. त्या आवाजाने मी भानावर आले.

तेवढ्यात उस्ताद खड्ड्यातून वर आले. पाठोपाठ जावईबापूही आत आले होते. आपल्या पाहुण्या अशा तेलकट जागी गेल्या म्हणून घाबरून आले असणार. डॉक्टरांनी उस्तादांनाच विचारलं, “उस्ताद, गाडी कशी आहे?”

मी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मी कुणाकडे इतक्या कळकळीने बघितलं नसेल. त्यांना पत्र माहीत होतं. अकरा टिकल्या माहीत होत्या. त्यांनी हात पुसले, एकेक बोट करून, नेहमीसारखे.

“चांगली आहे,” ते म्हणाले.

“तुम्हीच बघाल ना?”

“मी इथे असेपर्यंत मीच.”

डॉक्टरांना त्या वाक्यात काही वावगं ऐकू आलं नाही, आणि का यावं? मी अजूनही सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं, ‘डॉक्टर, तुम्ही ही घेतलीत की उस्ताद इथे नसणार.’ ते ओठांवर आलं होतं. पण जावईबापू माझ्याकडे बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला माणूस म्हणून बघितलं. जे त्यांना गालिचा, अत्तर आणि लिंबाच्या चकत्यांनी जमलं नव्हतं, ते मी तेलकट फरशीवर दहा मिनिटांत केलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. मला ते आवडलं. सांगायची लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते फार आवडलं. म्हणून मी गप्प बसले. जिथे बोलायचं नव्हतं तिथे तोंडाचा पट्टा सोडला आणि जिथे बोलायचं होतं तिथे मूग गिळले.

संध्याकाळी बसमध्ये मी उस्तादांवर चिडले. “चांगली आहे म्हणे! काय नडलं होतं?”

“गाडी चांगली आहे.”

“तेवढं गप्प बसता आलं नाही?”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “तू बसलीस का?”



वर्षाच्या शेवटच्या दिवशी गाडी द्यायची होती. गाडीवर रेशमी कापड, कापडावर फीत. जावईबापूंच्या हातात पांढरे हातमोजे. एरवी द्यायच्या गाडीजवळ उस्तादांना फिरकू देत नसत, पण डॉक्टरांनी अडून सांगितलं, “सीट उस्तादच लावतील.” मग उस्तादांना मागून आणलं, त्यांच्या अंगावर कुणाचा तरी कोट घातला. कोट खांद्यात आखूड होता.

त्यांनी डॉक्टरांना बसवलं. बटण दाबून सीट केसभर मागे, केसभर वर, परत केसभर मागे. दर वेळी विचारायचे, “आता?” डॉक्टर म्हणायच्या, “अजून थोडी.” वीस मिनिटं हे चाललं होतं आणि जावईबापू घड्याळ बघत होते. शेवटी डॉक्टरांनी मान मागे टेकली आणि म्हणाल्या, “झाली.” त्या सही करायला उतरून गेल्या. उस्ताद खाली वाकले, कोटाआडच्या शर्टाच्या खिशातून पिवळा खडू काढला आणि रुळावर रेघ मारली.

“हे काय?” जावईबापू म्हणाले.

“खूण.”

“या गाडीला स्मरण आहे, उस्ताद. एक नंबरचं बटण दाबलं की सीट आपोआप जागेवर येते. हे जग आता खडूच्या पुढे गेलंय.”

“बॅटरी काढली की जातं ते.”

“ही बॅटरी काढायची वेळ येणारी गाडी नाही.”

आणि ते स्वतः वाकले. सगळ्या आयुष्यात ते गाडीखाली वा गाडीत असं कधी वाकले नसतील. मोज्याच्या बोटाने त्यांनी ती रेघ पुसली, बोट पिवळं झालं तसं तोंड वाकडं केलं, आणि मोजा काढून कचऱ्यात टाकला. उस्तादांनी खडू कोटाच्या खिशात ठेवला, मग कोट आपला नाही हे आठवून परत काढला. मी काचेच्या अलीकडून हे सगळं पाहिलं. पलीकडे बारावी टिकली लागली आणि हात हलले.

नंतर सगळं पत्रात लिहिल्याप्रमाणे झालं. लिफ्ट काढल्या, खड्डा बुजवला, वर निळे सोफे आले. उस्ताद यार्डात जायला लागले. सकाळी सहाला घर सोडतात. चेपलेल्या गाड्यांचे पत्रे मोजायचे आणि यादी करायची, एवढंच काम. मी एकदा विचारलं, “तिथेही खडू वापरता का?” तर म्हणाले, “तिथे त्या सीटवर परत कुणी बसायचं नसतं.” त्या दिवसाची दहा वाक्यंही त्यांनी पुरी केली नाहीत.

आणि मला बढती मिळाली. बारावी गाडी मी विकली हे जावईबापूंनी मालकांना सांगितलं होतं. माणूस मनाने वाईट नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचा मला जास्तच राग आला. मला काचेपलीकडे टेबल दिलं, राखाडी जाकीट दिलं, आणि ते कार्ड दिलं. मी नाही म्हणाले नाही. आता वॉचमन जेवायला माझ्याबरोबर बसत नाही. मी नक्कल करून दाखवत नाही, आणि त्यालाही ती बघायची इच्छा उरलेली नाही.

परवा दुपारी फोन वाजला. जावईबापू माझ्या टेबलापाशी उभे राहून नव्या फुलदाणीची जागा ठरवत होते. मी फोन उचलला आणि कार्डावरचं वाचलं, “नमस्कार, आपल्या प्रवासाचे आम्ही सोबती. मी आपली काय सेवा करू शकते?”

“काल माझी गाडी पहिल्या सर्व्हिसहून आली,” पलीकडून डॉक्टरांचा आवाज. “सीट पार पुढे आलीय. एक नंबरचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. तुमच्या सर्व्हिसचा मुलगा म्हणतो, बॅटरी काढली होती, सगळं पुसलं गेलं, तुम्ही परत लावून घ्या. मी कशी लावू? रात्रभर खुबा ठणकतोय. खाली वाकून पाहिलं, खूणही नाही. उस्ताद कुठेत?”

जावईबापूंनी फुलदाणी हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने कार्डावर टकटक केलं. तक्रारीसाठी तिथे दुसरं वाक्य होतं.

“आपली तक्रार नोंदवली आहे,” मी वाचलं. “आमचे प्रतिनिधी आपल्याशी लवकरच संपर्क साधतील.”

 

“ताई?” डॉक्टर म्हणाल्या. “ताई, तुम्हीच ना?”

“या बाजूला ताई कुणी नसतं, मॅडम,” मी म्हणाले. ते मला पाठ होतं. आठ महिने मी तेच म्हणत आले होते, त्याच आवाजात, मान तिरकी करून.

त्यांनी फोन ठेवला. भिंतीवरच्या फळ्यावर बारावी टिकली एका कडेने सुटून आली होती. जावईबापूंच्या ते लक्षात आलं आणि ती नीट लावायला त्यांनी मला सांगितलं. मी उठले आणि अंगठ्याने दाबून चिकटवली.